गुर्मीची गाडी

"ताई, आज तरी तोंड जरा सरळ ठेव," अदाइर म्हणाला आणि आईची घडीची खुर्ची काढायला डिकीकडे गेला.

नोएलीने तोंड सरळ ठेवलं. ते वाकडं कधी झालं होतं हेच तिला माहीत नव्हतं. काल शनिवार, म्हणजे बसस्थानकासमोरच्या चौकात नेहमीची झुंबड. आज डोळे चुरचुरत होते, उजव्या खांद्यात कळ येत होती, आणि केसांना तव्याचा वास होता, जो दोनदा शांपू लावूनही हटत नाही. रविवार हा तिचा झोपायचा दिवस. पण आज घरातल्या कुणालाच झोपायची मुभा नव्हती. आज जोर्दानाची गाडी होती.

जोर्दाना म्हणजे अदाइरची थोरली. साओ पाउलोच्या मोठमोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत काही वर्षं काढून ती पेलोतासला परतली, ती कायक नावाचा एक सडपातळ मित्र बरोबर घेऊन आणि डोक्यात एक ट्रक घेऊन. तो ट्रक आता लारांजालच्या किनाऱ्यावर, सरोवराकडे तोंड करून उभा होता. काळा कुळकुळीत. बाजूवर पांढऱ्या अक्षरांत 'ब्राझा', म्हणजे निखारा, आणि खाली बारीक अक्षरांत 'गूर्मे बर्गर'. या गूर्मेची आईने पहिल्याच दिवशी गुर्मी करून टाकली होती. "आमच्या पोरीची गुर्मीची गाडी सुरू होतेय," असं ती गल्लीभर सांगत सुटली, आणि गल्लीलाही ते लगेच पटलं.

"इथे नको, वारा लागतो," आई म्हणाली. अदाइरने खुर्ची ट्रकच्या आडोशाला लावली. "इथे पण नको, मला पाणी दिसायला हवं." खुर्ची पुन्हा हलली. ऑगस्टचा, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यातला वारा दक्षिणेकडून सुसाट येत होता, सरोवराचं पाणी मळकट झालं होतं, आणि तरी अर्धं गाव मफलर गुंडाळून किनाऱ्यावर आलं होतं. रविवारी जायचं तरी कुठे दुसरीकडे.

आई, दोना एर्सीलिया, आज खायला आली नव्हती. निवाडा करायला आली होती. चौकातली जागा मुळात बाबांची. बाबांच्या माघारी ती आईच्या नावावर झाली, आणि नोएलीने तिथे उभं राहून जन्म काढला तरी आईच्याच नावावर राहिली. आता आईला ती कटकट नको होती. जागा कुणाच्या तरी नावे करून मोकळं व्हायचं होतं. एकतर तिथे 'सेतेंब्रिनोचा शीस' हा बाबांच्या नावाचा, दाबलेल्या पावांचा जुना ट्रेलर राहणार, म्हणजे नोएली राहणार. नाहीतर हा काळा ट्रक येणार, म्हणजे जोर्दाना. ईस्टरच्या जेवणाला यावरून जे भांडण झालं त्याचे वळ अजून ताजे होते. शेवटी आईच म्हणाली होती, "पोरीच्या हातचं खाऊन बघते. मग सांगते."

नोएलीला काय हवंय हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिनेही सांगितलं नाही. जागा जोर्दानाला गेली तर लोक म्हणणार, नोएलीला हाकललं. नोएलीकडे राहिली तर मरेपर्यंत तव्यासमोर. यातलं कुठलंच तिला नको होतं. तिला थांबायचं होतं. कुणीतरी एकदा म्हणावं, नोएली, पुरे झालं, बस आता. मग त्या चौकाचं खुशाल काय हवं ते करा. तेवढं वाक्य ऐकायला ती झोप मोडून आली होती.

आईने बसल्या बसल्या शिमारांवचा, म्हणजे इकडच्या कडू चहाचा, सरंजाम मांडीवर घेतला. भोपळ्याची वाटी, तीत दाबून भरलेला हिरवा कडू पाला, वर थर्मासमधलं कढत पाणी, आणि सगळ्यांत मिळून एकच चांदीची नळी. पहिली वाटी ओतणाऱ्याची. आईने ती संपवली, दुसरी भरून अदाइरला दिली, तिसरी नोएलीला, आणि चौथी कायकपुढे धरली. कायक ट्रकमधून उड्या मारत आला, वाटी रिकामी केली आणि ओठ घट्ट मिटून परत दिली.

"हा मुका झाला की काय?" आई म्हणाली.

"शिकलाय तो, आजी!" खिडकीतून जोर्दाना ओरडली.

अदाइर हसला. नोएलीलाही हसू आलं. कायक पहिल्यांदा घरी आला तेव्हा वाटी परत देताना मोठ्या अदबीने म्हणाला होता, "आभारी आहे, दोना एर्सीलिया." झालं! इकडे वाटी परत देताना आभार मानले की त्याचा अर्थ एकच: पुरे, आता माझ्यासाठी ओतू नका, मला धरू नका. आईने त्याला वगळलं. सगळी दुपार वाटी त्याच्या नाकासमोरून गोल फिरत राहिली आणि पोरगं कुडकुडत, आपलं काय चुकलं म्हणून एकेकाचं तोंड बघत बसलं. कुणी त्याला सांगितलं नाही. सांगायचं असतं हेच कुणाला सुचलं नाही.

"चल ताई, बर्गर होईपर्यंत पाय मोकळे करू," अदाइर म्हणाला.

काल दिवसभर ती पायांवरच उभी होती, तरी उठली. दोघं पाण्याच्या कडेने चालू लागली. अदाइरने नवं फिकट जाकीट घातलं होतं. हा तिचा धाकटा भाऊ, आता त्याच्याही कानांवर केस पांढरे झाले होते.

"आईशी तूच बोल," तो म्हणाला. "मी बोललो की तिला वाटतं मी माझ्या पोरीचं बघतोय."

"मग कुणाचं बघतोयस?"

"असं नको ना करू. तू म्हणालीस की पोरीला दे, तर आई डोळे झाकून देईल. तुझ्याच मनाचं तिला भय आहे."

"आईला? माझं भय?"

"म्हणजे, तुला वाईट वाटेल याचं."

"मला वाईट वाटेल याचं भय तुम्हाला कधीपासून वाटायला लागलं रे?"

अदाइर थांबला. दगड उचलून पाण्यात फेकला. "बघ, परत तेच. मी काय वाईट सांगतोय? चौकात गिऱ्हाईक बदललंय. पोरं आता असलंच खातात, फोटो काढतात. तो ट्रेलर किती दिवस चालणार?"

"नाही चालणार," नोएली म्हणाली. "मला माहितीये. मी असते तिथे."

"मग?"

"मग माझं काय?"

"तुझं काय म्हणजे?"

"जागा जोर्दानाला दिली तर मी काय करायचं?"

"अगं, तुझं काय वेगळं? तू आहेसच की!"

तू आहेसच की. बाबा गेले तेव्हाही तो हेच म्हणाला होता. तेव्हा त्याची कॉलेजची शेवटची परीक्षा तोंडावर होती. "ताई, तू आहेसच की, माझी परीक्षा होईपर्यंत चार दिवस ट्रेलर बघ." परीक्षा झाली, सहकारी संस्थेत नोकरी लागली, लग्न झालं, जोर्दाना झाली. मधल्या काळात नोएलीशी लग्न करायला थांबलेला ओस्मारही वाट बघून बघून कंटाळला आणि रिओ ग्रांदेच्या बंदरावर नोकरी धरून निघून गेला. चार दिवस काही संपले नाहीत.

"खांदा वर होत नाही माझा," ती म्हणाली. "केस डाव्या हाताने विंचरते."

"डॉक्टरला दाखव ना मग. तू पण ना ताई, कधी काही बोलतच नाहीस."

"आत्ता बोलले."

अदाइर मोबाइल बघत होता. "चल, चल," तो म्हणाला, "पोरगी बोलावतेय. तयार झालं."

जोर्दाना स्वतः लाकडी फळ्यांवर बर्गर घेऊन उतरली. पोरगी हडकली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला भाजल्याचा लाल चट्टा होता, अगदी नोएलीला होता त्याच जागी. नोएलीने तो पाहिला आणि आपली बाही खाली ओढली.

"आजी, हे तुझं. आत्या, तुझं. बाबा. हाताने खायचं हं सगळ्यांनी."

आईने फळी मांडीवर घेऊन नीट पाहिलं. खाली चकचकीत पाव, वर जाडजूड मांसाची टिक्की, तिच्यावरून ओघळणारं चीझ, त्यावर काळपट कांदा, कसलीशी पानं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर आणखी अर्धा पाव, काळे तीळ लावलेला.

"काटा-सुरी कुठाय?"

"हाताने, आजी."

"एवढं उंच? माझं तोंड आहे की गॅरेज?"

कायक खिडकीत खुदकन हसला. जोर्दानाने त्याच्याकडे रागाने पाहिलं. "कांदा वाइनमध्ये शिजवलाय, आजी. अर्धा दिवस मंद आचेवर."

"अर्धा दिवस? काय गुन्हा केला होता त्याने?"

"आई, खा ना आधी," अदाइर म्हणाला.

"खातेच आहे. थांब." आईने बर्गरवर कागदी रुमाल पसरला, त्यावर तळहात ठेवला, खुर्चीतून थोडी उठली आणि अख्ख्या अंगाचा भार टाकून दाबलं.

फच्च असा आवाज झाला. टिक्की एका बाजूने सटकली, चीझ दुसऱ्या बाजूने, आणि कांद्याची एक दाट चिळकांडी थेट अदाइरच्या नव्या जाकिटावर उडाली.

"आई!"

"आजी! अगं काय केलंस हे!" जोर्दानाचा आवाज चिरकला.

"काय केलं? दाबलं. दाबल्याशिवाय शीस होतो का?"

यात आईचं काही वावगं नव्हतं. या घरात पावात घालून जे खाल्लं जातं ते दाबलेलंच असतं. मांस, चीझ, अंडं, मका, मटार सगळं पावात कोंबायचं, दोन तापल्या लोखंडांमध्ये ठेवून चपटं करायचं, वरचा पाव खालच्याला चिकटला आणि कडा कुरकुरल्या की ताटात वाढायचं, काट्याने-सुरीने खायचं. ताट हातात देण्यापूर्वी आई त्यावर एकदा तळहात दाबायची. बाबांना ते फार आवडायचं. आईकडून याहून जास्त लाड कुणाचेच झाले नव्हते.

"तो शीस नाहीये आजी. बर्गर आहे."

"चीझ आहे ना यात?"

"आहे."

"मग फुली कुठाय?" आईने ट्रकच्या पाटीकडे बोट केलं. "मघापासून बघतेय. एकाही नावापुढे फुली नाही."

जोर्दानाने कपाळाला हात लावला. बाबांनी तरुणपणी पोर्तो आलेग्रेत कुणाला तरी 'चीझबर्गर' म्हणताना ऐकलं होतं. इकडच्या जिभेवर चीझचं शीस होतं, आणि शीस म्हणजे इकडच्या मुळाक्षरांतलं फुलीसारखं दिसणारं X हे अक्षर. म्हणून बाबांनी पाटीवर सरळ लाल रंगात फुल्या काढल्या: फुली-अंडं, फुली-काळीज, फुली-सगळं. देशभर सगळ्यांनी तेच केलंय, पण आईच्या मते ती अक्कल एकट्या सेतेंब्रिनोची.

"आजी, त्या फुलीचा अर्थ नुसता चीझ असा होतो. मी इथे चीझचं पूर्ण नाव लिहिलंय बघ, डोंगरावरच्या गोठ्यातून येतं ते."

"म्हणजे चीझ आहे, आणि फुली नाही."

"हो."

"का?"

जोर्दानाने नोएलीकडे पाहिलं. नोएलीच्या हातात बर्गर होता. दोन्ही हातांनी धरून, जबडा दुखेल इतका उघडून तिने एक घास घेतला होता आणि ती चावत होती.

वाईट असता तर किती सोपं झालं असतं. रस्ताभर ती मनातल्या मनात म्हणत आली होती, मांस कोरडं असेल, मीठ कमी असेल, नुसता दिखावा असेल. तसं काही नव्हतं. मांस रसाळ होतं, कांदा गोड होता, पाव लोण्यासारखा मऊ होता. बाबांच्या शीसहून तो चांगला होता की नाही हे तिला ठरवता येईना, पण तो चांगला होता. तिला एकदम फार थकवा आला.

"चांगला झालाय," ती म्हणाली.

"खरंच, आत्या?"

"खरंच."

जोर्दानाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते बाहीने पुसलं आणि वारा फार आहे असं काहीतरी पुटपुटली.

कायकने कुठून तरी काटा-सुरी पैदा केली. आईने तो चेंगरलेला बर्गर निगुतीने कापून, एकेक तुकडा चावून, शेवटच्या पानापर्यंत संपवला. तोवर अदाइर ओल्या रुमालाने जाकीट घासत होता, पण त्याचं लक्ष आईच्या तोंडाकडे होतं. ईस्टरला मांडलेला डाव आज निकाली निघणार होता, आणि आई मुद्दाम सावकाश चावत होती. तिला हे असं मध्यभागी बसणं आवडतं, नोएलीला वाटलं.

आईने तोंड पुसलं. वाटीत पाणी ओतलं. स्वतः प्यायली.

"जागा पोरीला," ती म्हणाली.

अदाइरने डोळे मिटून श्वास सोडला.

"ऐकून घे आधी. जागा पोरीला, पण नोएली तिच्याबरोबर उभी राहील. बाबांचा तवा या ट्रकात बसवायचा. एका खिडकीत पोरीने तिची गुर्मी विकावी, दुसऱ्या खिडकीत हिने शीस करावा. आणि पाटीवर फुली लागली पाहिजे. मोठी. लाल."

"वा!" अदाइरने थापच मारली स्वतःच्या मांडीवर. "वा आई! हे आम्हाला कुणाला सुचलं नाही बघ. जुनं गिऱ्हाईक पण राहील, नवं पण येईल."

"दुसरी खिडकी कापता येईल," कायक लगेच म्हणाला. "मागच्या बाजूने."

"आत्या, खरंच!" जोर्दाना म्हणाली. "मला एकटीला झेपतच नव्हतं गं, तू असलीस तर..."

तिची नजर नोएलीच्या चेहऱ्यावर गेली होती.

ईस्टरपासून एकमेकांशी धड न बोलणारी ही माणसं एका झटक्यात एक झाली होती. आई, अदाइर, तो कालचा पोरगा कायक, सगळ्यांचं जमलं होतं, आणि जमलं होतं ते नोएलीच्या उभं राहण्यावर. तिला कुणी हाकललं नव्हतं. उलट मानाने खिडकी दिली होती. खिडकी!

आईने वाटी भरली आणि तिच्यापुढे धरली. "घे. गार पडलीयेस."

नोएलीने वाटी घेतली. दोन्ही हातांनी धरली, ऊब बरी वाटली. सावकाश प्यायली, तळाला नळी खुर्रर्र वाजेपर्यंत. मग वाटी परत दिली.

"आभारी आहे, आई."

आईचा हात वाटीसकट हवेतच राहिला.

"काय म्हणालीस?"

"आभारी आहे."

वाऱ्याने ट्रकचा पत्रा थडथडला. कायकने मान खाली घातली. या शब्दाची किंमत तिथे त्याच्याइतकी कुणी मोजली नव्हती.

"अगं एवढी थंडी आहे," अदाइर म्हणाला, "घे की अजून एक, इतक्यात कसली..."

"ती वाटीबद्दल बोलत नाहीये, बाबा," जोर्दाना हळूच म्हणाली.

"मग कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दल," नोएली म्हणाली. "जागा पोरीला दे, आई. मी मनापासून सांगते, तिच्या हाताला चव आहे. पण तिच्याबरोबर मला देऊ नकोस. मी काही ट्रेलरचं सामान नाहीये."

"आणि तवा?" आईचा आवाज चढला. "तुझ्या बापाचा तवा कोण सांभाळणार?"

"मला नाही माहीत."

"माहीत नाही म्हणे! इतकी वर्षं सांभाळलास, आणि आता..."

"आता दमले. आज नाही दमले, केव्हाची दमलेय. ईस्टरला सांगणार होते. त्याच्या आधीच्या ईस्टरलाही सांगणार होते. तुम्ही सगळे इतके मोठ्याने बोलत असता, की माझी पाळी येईपर्यंत भांडी घासायची वेळ होते."

"मी तुला कधी म्हटलं उभी राहा?" आई म्हणाली. "कधी म्हटलं? सांग ना!"

"नाही म्हटलंस. पण बस असंही कधी म्हटलं नाहीस."

यावर अदाइरने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि जोर्दानाने त्याच्या दंडावर हात ठेवला. त्याने तोंड मिटलं. पोरगी आपल्या बापाला गप्प करताना नोएलीने पहिल्यांदाच पाहिलं.

आई पाण्याकडे वळली. "मला वाटायचं तुला आवडतं," ती म्हणाली.

"आवडायचं. सुरुवातीला. गिऱ्हाईक हाक मारायचं, चिडवायचं, बरं वाटायचं. मग एक दिवस नाही आवडलं, आणि त्या दिवशीही रांग होती."

आईने थर्मास उचलला, वाटी भरली आणि नोएलीला ओलांडून अदाइरला दिली. मग कायकला. वाटी गोल फिरली आणि नोएलीच्या समोरून पुढे गेली. तिनेच मागितलं होतं ते. तरी वाटी समोरून गेली तेव्हा तिला एकदम मोकळं वाटलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. तिने चेहरा वाऱ्याकडे केला.

"आत्या," जोर्दाना खुर्चीशेजारी उकिडवी बसली होती. "तुझा अर्धाच खाऊन झाला. गार झाला आता. दुसरं काही करून देऊ? काय खाशील?"

नोएलीने फळीवरच्या अर्ध्या बर्गरकडे पाहिलं. काय खाशील, काय घालू, मका हवा का, अंडं अर्धं कच्चं की पूर्ण, हे सगळं ती दिवसभर लोकांना विचारायची. स्वतः मात्र भट्टी विझवताना उरलेल्या पावाचा तुकडा उभ्या उभ्या तोंडात टाकायची. तिला कुणी विचारल्याचं आठवेना.

"शीस करशील?" ती म्हणाली. "काळजांचा."

"माझ्याकडे कोंबडीची काळजं नाहीत गं. मटार पण नाहीत."

"मग असेल त्याचा कर. नीट दाब फक्त."

जोर्दाना ट्रकमध्ये चढली. खिडकीतून तिचं डोकं इकडून तिकडे जाताना दिसत होतं. तिच्याकडे दाबायचं लोखंड नव्हतं, म्हणून तिने तव्यावर जाड बुडाचं पातेलं उपडं घातलं आणि त्यावर दोन्ही कोपर टेकून उभी राहिली. असं नाही, पातेल्याने कडा दबत नाहीत, नोएलीच्या जिभेवर आलं होतं. तिने ते तिथेच ठेवलं. थोड्या वेळाने धूर आला. कायक खोकला. अदाइर म्हणाला, "जळतंय वाटतं काहीतरी." कुणी उठलं नाही.

शीस ताटात आला. एका कडेला काळा पडलेला, दुसरीकडे अजून फुगलेला, मधोमध तिरका. त्यावर लाल सॉसच्या दोन रेघा एकमेकींवरून ओढल्या होत्या.

आईने मान वळवून पाहिलं.

"फुली वाकडी आहे," ती म्हणाली.

"पहिलीच आहे, आजी."

आईने मांडीवरची काटा-सुरी उचलली, रुमालाने पुसली, काट्याच्या दातांमध्ये अडकलेलं पान नखाने काढलं, पुन्हा पुसली आणि नोएलीपुढे धरली. "घे," ती म्हणाली. "हाताने भाजशील." आणि खुर्चीवरची आपली शाल काढून तिने शेजारच्या दगडावर टाकली. "गार दगडावर नको. यावर बस."

नोएली शालीवर बसली. ताट मांडीवर घेतलं.

"नोएलीबाई! अहो, नोएलीबाई!"

लिंदोमार. बसचा ड्रायव्हर, चौकातलं रोजचं गिऱ्हाईक. आज साध्या कपड्यांत, बायकोचा हात धरून वाळूतून येत होता. "मी हिला म्हणतच होतो, वास ओळखीचा आहे. तर तुम्ही इथे गाडी लावलीत होय! आणि सांगितलं पण नाही. करा, करा पटकन दोन काळजांचे. एकात मका नको, तुम्हाला माहितीच आहे."

नोएलीचे गुडघे आपोआप सरळ झाले. ती अर्धी उठलीसुद्धा. उजवा हात ॲप्रनला पुसायला गेला आणि तिथे ॲप्रन नव्हता, रविवारचा स्कर्ट होता.

"जा ताई," अदाइर सवयीने म्हणाला, "दोन मिनिटांचं काम."

आईने अदाइरकडे पाहिलं, मग नोएलीकडे पाहिलं. वाटी तिच्या हातात तशीच होती.

नोएली परत खाली बसली. शाल नीट केली. सुरीने शीसचा कोपरा कापला. वरचा पाव खालच्यापासून सुटून आला, पोरीने नीट दाबला नव्हता. तिने तो काट्याने पुन्हा जागेवर बसवला आणि घास तोंडात घातला.

"मग, किती वेळ लागेल?" लिंदोमारने विचारलं.

"त्या पोरीला विचारा," नोएली भरल्या तोंडाने म्हणाली. "मी जेवतेय."